उजव्या बाजूचे झाकण

मराठीत दोन शब्द अगदी शेजारी शेजारी राहतात. एक 'पत्र' आणि दुसरा 'पत्रा'. ते पत्र म्हणजे आपले खत. तो पत्रा म्हणजे लोखंडाची पातळ चादर. फरक फक्त एका कान्याचा. माझ्या वर्गातली मुले हमखास 'मामूंचा पत्रा आला' असे लिहितात आणि मग सारा वर्ग हसतो. या पाठात मी तुम्हांला पत्र्याविषयीच सांगणार आहे. पत्र म्हणा किंवा अर्ज म्हणा, तो मागाहून येईल.

आमच्या मालेगावच्या घरी एक जुनी मोटारसायकल आहे. तिचे नाव जावा. हे नाव कसे पडले, ते ऐकण्यासारखे आहे. चेकोस्लोव्हाकियात यानेचेक नावाचे एक कारखानदार होते. १९२९ साली त्यांनी 'वाँडरर' या जर्मन कंपनीचा मोटारसायकली बनवण्याचा व्यवसाय विकत घेतला. यानेचेकमधला 'या' आणि वाँडररमधला 'वा' जोडून 'यावा' हे नाव तयार झाले. त्यांच्या भाषेत ज्या अक्षराचा उच्चार 'य' होतो, ते आपण इंग्रजीप्रमाणे 'ज' वाचतो. म्हणून यावाची जावा झाली. भारतात ही गाडी १९६१ पासून म्हैसूरच्या कारखान्यात बनू लागली. पुढे १९७० च्या दशकात तीच गाडी येझदी नावाने निघू लागली आणि १९९६ साली तो कारखाना बंद पडला. २०१८ पासून जावा नावाच्या नव्या गाड्या पुन्हा बाजारात आल्या आहेत. पण त्यांचे सुटे भाग जुन्या गाडीला बसत नाहीत. नाव तेवढे सारखे.

आमची गाडी १९६८ सालची. ती माझ्या आजोबांनी घेतली. (घरात आम्ही त्यांना दादा म्हणत होतो, पण मराठीत दादा म्हणजे थोरला भाऊ, म्हणून येथे आजोबाच लिहितो.) ते साड्यांचे नमुने मागच्या सीटवर बांधून मनमाडला, धुळ्याला जात. त्यांच्यानंतर अब्बांनी ती चालवली. मग ती अंगणात एका कोपऱ्यात उभी राहिली ती वीस वर्षे.

वीस पावसाळे म्हणजे लोखंडाला फार झाले. पाणी आणि हवा मिळाली की लोखंड गंजते, हे तुम्ही विज्ञानात शिकलाच आहात. पण गंज लोखंडापेक्षा जास्त जागा घेतो, हे लक्षात घ्या. म्हणून तो रंगाच्या आतून फुगतो. वरून रंग चांगला दिसतो आणि बोट लावले की पापडासारखा फुटतो. आमच्या गाडीचे इंजिन तसे ठीक होते. गेले होते ते तिचे अंग. पुढचा मडगार्ड खालून कुरतडल्यासारखा झाला होता. चेनवरचे लोखंडी कव्हर दोन जागी फाटले होते. आणि सीटखालच्या डब्यांपैकी उजव्या बाजूच्या डब्याचे झाकण तर नव्हतेच. कधी पडले, कोणी नेले, कोणालाच आठवत नाही.

ही जावा तुम्ही पाहिली नसेल, तर सांगतो. तिच्या सीटखाली दोन्ही बाजूंना दोन फुगीर डबे असतात. एका बाजूला हत्यारे ठेवायची, दुसऱ्या बाजूला बॅटरी. झाकणे गोलसर आणि मधे फुगलेली. झाकण नसलेली जावा म्हणजे एक गाल नसलेला चेहरा. माझ्या धाकट्या भावाने भंगारवाल्याला बोलावले. तो वजनकाटा घेऊनच आला. अब्बा काहीच बोलले नाहीत. फक्त गाडीवर हात ठेवून उभे राहिले. मी त्या माणसाला चहा पाजून परत पाठवले आणि झाकण शोधायला निघालो.

पहिल्यांदा पुण्याचा जुना बाजार पालथा घातला. तो मंगळवार पेठेत बुधवारी आणि रविवारी भरतो. मग मुंबईचा चोर बाजार. तेथे येझदीचे भाग पुष्कळ दिसले, जावाची टाकी दिसली, डाव्या बाजूची झाकणे दोन मिळाली. उजवे एकही नाही. विकणाऱ्याने डावे झाकण उलटे धरून दाखवले आणि म्हणाला, "हेच लावा की!" तुमचा डाव्या पायाचा बूट उलटा धरून उजव्या पायात घालून पाहा, म्हणजे मी ते का घेतले नाही ते कळेल.

आता जुन्या गाड्यांच्या भागांच्या नव्या नकलाही मिळतात. दिल्लीच्या करोल बागेतून मी तशी एक नक्कल मागवली. रंग झकास होता. पण पत्रा इतका पातळ की मधे अंगठा दाबला की 'टक्' असा आत जाई आणि सोडला की 'टक्' असा बाहेर येई. भोके तर आमच्या गाडीच्या भोकांशी जुळतच नव्हती. एका मित्राने फायबरचा सल्ला दिला. चांगल्या भागावरून साचा काढायचा, त्यात काचेच्या धाग्यांचे कापड आणि रेझिन थरावर थर बसवायचे. हे झाकणाला चालते आणि कधी गंजतही नाही. पेट्रोलच्या टाकीला मात्र कोणी करू नये असे माझे मत आहे. हल्लीच्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते, आणि ते साध्या रेझिनला मऊ करते. शिवाय फायबरवर टिचकी मारली की आवाज येतो प्लॅस्टिकच्या डब्याचा. अब्बांना तो आवाज आवडला नसता.

उरला एकच मार्ग. पत्रा ठोकून झाकण बनवणे.

जुन्या आग्रा रोडच्या मागच्या गल्लीत एक उस्ताद बसतात. गाड्यांचे चेपलेले पत्रे सरळ करणाऱ्याला आपल्याकडे डेंटर म्हणतात. पण उस्ताद नुसते डेंटर नाहीत, ते पत्र्याला आकार देतात. आता असे काम कमी झाले आहे. मोटारीचे दार चेपले तर ते ठोकत बसण्यापेक्षा नवे दार बसवणे लोकांना बरे वाटते. उस्तादांचा उजवा खांदा दुखतो. हातोडा कानाच्या वर जात नाही. त्यांच्याकडे एकच शागीर्द आहे, आणि त्याला मी पाहताच ओळखले. २०२० साली टाळेबंदीत शाळा बंद झाल्या, तेव्हा तो आमच्या शाळेत आठवीत होता. शाळा पुन्हा उघडली. तो आला नाही. आता तो एकोणीस वर्षांचा आहे.

आमचे बोलणे उर्दूतच झाले. तुमच्यासाठी मराठीत लिहितो. उस्ताद म्हणाले, "मास्टरसाहेब, नमुना कुठे आहे?"

मी म्हणालो, "उजवे झाकण नाही, उस्ताद. डावे आहे."

ते हसले. "मग काळजी कशाची? आरसा आहे ना डोक्यात!"

येथे थोडी भूमिती येते, कंटाळू नका. कागद घ्या. त्याची नळी होते, शंकूही होतो. पण तोच कागद चेंडूवर चिकटवून पाहा. कुठेतरी चुण्या पडतातच. सपाट वस्तू एका दिशेने सहज वाकते, दोन दिशांनी एकदम वाकत नाही. पत्र्याचेही तसेच आहे. फुगीर झाकण करायचे तर मधला पत्रा ताणावा लागतो आणि कडेचा आकसावा लागतो. हातोडा तेच करतो. प्रत्येक ठोक्याने पत्रा मधे तसूभर पसरतो, म्हणजे तसूभर पातळही होतो. म्हणून सुरुवातीलाच जाड पत्रा घ्यावा लागतो. पत्र्याची जाडी गेजमध्ये मोजतात आणि हे माप उलटे चालते. गेजचा आकडा वाढला की जाडी कमी होते. १८ गेजचा पत्रा सुमारे १.२ मिलिमीटर, २० गेजचा सुमारे ०.९, तर २२ गेजचा ०.७ मिलिमीटर जाड. उस्तादांनी २० गेज सांगितला.

डाव्या झाकणाचा आकार घ्यायचे काम त्या मुलाने केले. त्याने जुन्या कॅलेंडरचा पुठ्ठा घेतला. झाकणावर पुढून मागे दर दोन इंचांवर खडूने रेघा मारल्या. प्रत्येक रेघेवर पुठ्ठा उभा धरून, कापून, पुन्हा धरून, झाकणाच्या फुगवट्याला तो तंतोतंत बसेपर्यंत कातरला. असे सात पुठ्ठे झाले. त्यांवर त्याने १ ते ७ आकडे घातले. मग प्रत्येक पुठ्ठा उलटा केला आणि मागच्या बाजूलाही तोच आकडा लिहिला.

मी विचारले, "दोन्हीकडे आकडे कशाला?"

"सर, या बाजूने डावे, त्या बाजूने उजवे. आकड्यांचा क्रम तोच राहील. पुढचे ते पुढेच. फुगवटा तेवढा दुसरीकडे जाईल."

आठवीच्या पुस्तकात मी ज्या गोष्टीसाठी फळ्यावर अक्ष काढतो आणि दोन तास बोलतो, ती त्याने कात्रीने सांगितली.

बाभळीच्या एका ओंडक्यात वाटीसारखा खळगा केलेला होता. त्यावर पत्रा ठेवून तो लाकडी हातोड्याने ठोकू लागला. आधी मधे, मग गोल गोल बाहेर. तासाभरात पत्र्याच्या कडेला चुण्या आल्या. पत्रा कडकही झाला. ठोक्याचा आवाजच बदलला. उस्ताद दुसऱ्या कामात होते, त्यांनी वळूनही न पाहता सांगितले, "थांब, आता फाटेल." ठोकून ठोकून लोखंड कडक होते, ताणत नाही, चिरते. मग त्याने गॅसच्या ज्योतीने पत्रा लालसर होईपर्यंत तापवला आणि आपोआप निवू दिला. निवल्यावर तो पुन्हा मऊ झाला. असे तीनदा झाले. चुण्या एकेक करून चिमटीत धरून दाबल्या. शेवटी लोखंडी गोळ्यावर झाकण धरून गुळगुळीत तोंडाच्या हातोडीने हलके हलके ठोके दिले. एक ठोका दुसऱ्याच्या अर्ध्यावर. भांड्यांच्या बाजारात तुम्ही तांबट पाहिले असतील, तर त्यांच्या हंड्यावरचे ठोके आठवा.

हे काम चार दिवस चालले. मी शाळा सुटली की तेथे जाऊन बसत असे. एका संध्याकाळी मी घाईने म्हटले, "थोडा खड्डा राहिला तर पुट्टी भरू." उस्तादांनी हातातले काम खाली ठेवले. "पुट्टी म्हणजे चेहऱ्यावरची पावडर. पावसात धुऊन जाईल. खड्डा लोखंडातूनच निघाला पाहिजे." मला हे पटते, पण पातळ थर रंगाखाली सगळेच लावतात, उस्तादही लावतात, हेही तुम्हांला सांगून ठेवतो.

चौथ्या दिवशी त्यांच्याशी वेगळेच बोलणे निघाले. मी मुलाला म्हणालो होतो की त्याने दहावीला बाहेरून बसावे. शाळेत न जाताही, सतरा नंबरचा अर्ज भरून दहावीची परीक्षा देता येते. आयटीआयमध्ये 'शीट मेटल वर्कर' हा व्यवसायही शिकवतात. दहावीचा दाखला हाती असला की अशी दारे जास्त उघडतात. मुलगा गप्प राहिला होता. उस्तादांच्या कानावर ते गेले होते.

ते म्हणाले, "मास्टरसाहेब, तो पास झाला तर पुण्याच्या कारखान्यात जाईल. तेथे यंत्र एका दाबात मडगार्ड काढते. त्याच्या या हाताचे तेथे काय काम? आणि माझ्यानंतर ही गल्ली कोणी सांभाळायची?"

मी म्हणालो, "आणि उद्या त्याचा खांदा दुखू लागला तर, उस्ताद?"

ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मलाही पुढे बोलवेना. कारण त्यांचे म्हणणे खोटे नव्हते. तो मुलगा गेला, तर आमच्यासारख्यांची झाकणे पुन्हा कोण बनवणार? मास्तर म्हणून मला एक हवे होते आणि जावाचा मालक म्हणून दुसरे. मग उस्तादांनी विचारले, "परीक्षा किती दिवसांची असते?"

मी सांगितले. त्यांनी बोटांवर काहीतरी मोजले आणि पुन्हा हातोडी उचलली.

झाकण बसले. खालच्या कडेला नखाएवढी फट राहिली, तेथे रबराची पट्टी लावली. रेड ऑक्साइड झाले, मग गाडीचा तो जुना तपकिरी लाल रंग झाला. अब्बांनी चष्मा काढून दोन्ही झाकणांवरून हात फिरवला. मग बोटाने वाजवून पाहिले. एकदा डावे, एकदा उजवे, पुन्हा डावे. "उजवे जरा जाड आहे," ते म्हणाले. झाकणाच्या आतल्या बाजूला, जेथे कोणाला दिसत नाही, तेथे त्या मुलाने छिन्नीने छोटी खूण केली आहे. मी ती अब्बांना दाखवली. त्यांनी विचारले, "कोणाचा मुलगा?"

सात पुठ्ठे त्याने दोऱ्यात ओवून उस्तादांच्या दुकानात खिळ्याला अडकवले आहेत. कोणाला उजवे किंवा डावे झाकण हवे असेल, तर नमुना तयार आहे. आता चेनकव्हरचे काम चालू आहे. ते दोन भागांत असते आणि जास्त अवघड आहे.

अर्ज आता संगणकावर भरायचा असतो. त्यासाठी लागणारा शाळेचा दाखला मी कार्यालयातून काढून आणला आहे. काल तो मुलगा संध्याकाळी आमच्या घरी आला. हात घासून घासून धुतले होते, तरी नखांत काळे होतेच. त्याने दाखला वाचला, घडी केली आणि खिशात ठेवला. मग चेनकव्हरच्या मागच्या वळणाचे माप घ्यायला तो गाडीजवळ जाऊन बसला आणि म्हणाला, "सर, भूमितीचे पुस्तक आहे का एखादे? जुने चालेल."