पेण ते रोहा : उस्तादाची शाळा

माझा एक जुना विद्यार्थी पेणच्या आरटीओतून बॅज काढून आता प्रवासी गाडी चालवतो. परवा अम्मीला घेऊन त्याच्याच गाडीने रोह्याला निघालो. नागोठण्यापुढे भिसे खिंडीत धुकं, पाऊस. वळणाआधीच त्याने गिअर उतरवला, हॉर्न दिला. समोरून ट्रक आलाच. "सर, दोन वर्षं मामूंच्या शेजारी बसून हा रस्ता शिकलो," तो म्हणाला.

लंडनमध्ये टॅक्सीचालकांची परीक्षा 1865 पासून आहे. सुमारे 25,000 रस्ते तोंडपाठ लागतात. इथे उस्तादच शाळा, उस्तादच परीक्षक.

याच मुलाला मी भूगोलात नापास केलं होतं. कुंडलिकेकाठी अष्टमीला उतरताना अम्मीने त्याला दुआ दिली. हुनर हाही इल्मच, हे मी वर्गात कधी सांगितलंच नव्हतं.