न खेळलेला सामना : इथिओपियाच्या फुटबॉल संघाने आपल्याला काय शिकवले?

फुटबॉलचा विषय निघाला की आपल्या वस्त्यांमधली पोरे ब्राझील, अर्जेंटिना, पोर्तुगाल यांच्या पलीकडे जात नाहीत. पाठीवर मेस्सी नाहीतर रोनाल्डो. आफ्रिकेतल्या एखाद्या देशाचे नाव घेतले तर "दुष्काळवाला देश ना?" असा प्रश्न येतो. आम्ही युवकांच्या अभ्यासवर्गात इथिओपियाच्या राष्ट्रीय संघाबद्दल बोलायला घेतले, तेव्हा एकाने सरळ विचारले, "दादा, पण ते जिंकले काय?"

प्रश्न रास्त आहे, म्हणून आधी जमाखर्च मांडतो. इथिओपियाचा संघ, ज्याला तिथल्या डोंगरातल्या रानबकऱ्यावरून ‘वालिया’ म्हणतात, तो आजवर एकदाही विश्वचषकाला पोहोचलेला नाही. आफ्रिकन राष्ट्रचषक त्याने एकदाच जिंकला, १९६२ साली. पूर्व व मध्य आफ्रिकेच्या सेकाफा स्पर्धेची चार विजेतेपदे आहेत : १९८७, २००१, २००४ आणि २००५. आफ्रिकन राष्ट्रचषकात १९८२ नंतर पुन्हा उतरायला त्यांना २०१३ साल उजाडले. म्हणजे एकतीस वर्षे. गुणफलकापुरते पाहणाऱ्याला ही एका सामान्य संघाची कहाणी वाटेल.

पण या संघाच्या इतिहासातली आम्हाला सर्वांत मोठी वाटणारी नोंद जिंकलेल्या किंवा हरलेल्या सामन्याची नाही. ती न खेळलेल्या सामन्याची आहे.

फेब्रुवारी १९५७. सुदानची राजधानी खार्टूम. इजिप्त, सुदान, इथिओपिया आणि दक्षिण आफ्रिका या चार देशांनी मिळून आफ्रिकन फुटबॉल महासंघ उभा केला. घानाचे स्वातंत्र्य अजून महिनाभर दूर होते आणि खंडाचा बहुतेक भाग युरोपच्या टाचेखाली होता. महासंघासोबत पहिला राष्ट्रचषकही ठरला. संघ चारच, म्हणजे दोन उपांत्य सामने आणि एक अंतिम सामना. इथिओपियाची गाठ दक्षिण आफ्रिकेशी पडली होती.

दक्षिण आफ्रिकेत तेव्हा वर्णभेद हे सरकारी धोरण होते. त्यांचा प्रतिनिधी फ्रेड फेल याने सांगितले की आम्ही एकतर पूर्ण गोऱ्यांचा संघ पाठवू किंवा पूर्ण काळ्यांचा. मिश्र संघ पाठवता येणार नाही. बाकीच्या देशांनी हे मानले नाही. दक्षिण आफ्रिका स्पर्धेबाहेर गेली, इथिओपिया न खेळताच अंतिम फेरीत पोहोचला आणि तिथे इजिप्तकडून ४-० असा हरला. चारही गोल अद-दिबा या एकाच खेळाडूने केले. क्रीडाप्रेमी हे चार गोल लक्षात ठेवतात. कार्यकर्त्यांनी त्याआधीची रिकामी जागा लक्षात ठेवावी.

फेलचा प्रस्ताव नीट वाचा. त्यात काळ्यांना बंदी नाही. ‘काळ्यांचा संघही पाठवू’ असे तो म्हणतो. वरवर पाहिले तर केवढा उदारपणा! पण तो संघ निवडणार कोण? गोऱ्यांचीच संघटना. देशाचे प्रतिनिधित्व कधी कोणी करायचे हे ठरवणार कोण? तेच. पुढे १९६३ मध्ये याच लोकांनी सांगितले की १९६६ च्या विश्वचषकाला गोऱ्यांचा संघ पाठवू आणि १९७० च्या विश्वचषकाला काळ्यांचा. पाळी लावून दिली, पण पाळी वाटण्याचा अधिकार स्वतःकडेच ठेवला. हा डाव आपल्याला परका वाटू नये.

काही वर्षांपूर्वी आम्ही काम करत होतो त्या तालुक्यातल्या एका गावात टेनिस बॉल क्रिकेटची स्पर्धा भरली. गावातले सर्वांत वेगवान दोन बॉलर बौद्धवाड्यातले. आयोजकांचा निरोप आला, "तुमच्या वाड्याची वेगळी टीम काढा, एंट्री फी माफ करतो." पोरे खूश झाली. आम्ही आयोजकांना विचारले, गावाच्या टीममध्ये ही दोन पोरे का नकोत? उत्तर मिळाले, "गावाची टीम ठरलेली आहे." म्हणजे बौद्धवाडा गावात धरलेलाच नव्हता. त्या रात्री समाजमंदिरात मोठा वाद झाला. निम्म्यांचे म्हणणे, खेळू आणि मैदानात दाखवून देऊ. बाकीचे म्हणत होते, अशाने खेळायचेच नाही. शेवटी पोरे वेगळ्या टीमने खेळली आणि दुसऱ्या फेरीत हरली. पुढच्या वर्षी त्यांनी गावाच्या टीममध्ये जागा मागितली, तेव्हा आयोजकांकडे तयार उत्तर होते, "गेल्या वर्षी तुम्ही वेगळेच खेळलात ना? मग आता काय झाले?" एकदा घेतलेली सवलत पुढच्या वर्षी पुरावा होऊन समोर येते, ती अशी.

इथे एक आक्षेप येईल आणि तो यायलाच हवा. बाबासाहेबांनी स्वतः स्वतंत्र मतदारसंघ मागितले होते, मग ‘वेगळे’ म्हणजे वाईट असे कसे म्हणता? आमचे म्हणणे असे आहे की वेगळेपण कोण मागतो आणि त्यातून सत्ता कोणाच्या हातात जाते, हे दोन प्रश्न आधी विचारा. स्वतंत्र मतदारसंघाची मागणी पीडितांनी केली होती. आपला प्रतिनिधी आपण निवडावा हा तिचा गाभा होता, आणि १९३२ च्या जातीय निवाड्यात सर्वसाधारण मतदारसंघातले मतही कायम होते. म्हणजे तिथे स्वतःचा आवाजही होता आणि सर्वांच्या निर्णयात वाटाही. फेलच्या प्रस्तावात यातले काहीच नव्हते. काळ्यांना जर्सी मिळणार होती, निवड समिती नाही. हा फरक ज्याला कळला, त्याला ‘आरक्षण म्हणजे उलटा भेदभाव’ म्हणणाऱ्यांनाही उत्तर देता येईल.

आता १९६२ कडे वळू. राष्ट्रचषक अदिस अबाबात होता. इथिओपियाने ट्युनिशियाला ४-२ असे हरवले आणि २१ जानेवारीला अंतिम सामन्यात समोर आला तोच इजिप्त, जो तेव्हा संयुक्त अरब प्रजासत्ताक या नावाने खेळत होता. इजिप्त दोन वेळा पुढे गेला, दोन्ही वेळा इथिओपियाने बरोबरी साधली. पहिली बरोबरी गिर्मा तेकलेने केली. दुसरी, सामना संपायला सहाच मिनिटे उरली असताना, कर्णधार लुचियानो वासालोने. जादा वेळेत त्याचा धाकटा भाऊ इतालो आणि मेंगिस्तू वर्कू यांनी गोल केले. निकाल ४-२. सम्राट हैले सेलासी यांच्या हातून लुचियानोने चषक घेतला.

हा लुचियानो कोण? १९३५ साली अस्मारात जन्मलेला. आई एरिट्रियन, बाप इटालियन सैनिक. तो जन्मला त्याच वर्षी मुसोलिनीच्या फौजा इथिओपियावर चालून गेल्या. फॅसिस्ट राजवटीने १९३७ मध्ये इटालियन पुरुष आणि स्थानिक स्त्री यांनी एकत्र राहणे गुन्हा ठरवले, आणि १९४० च्या कायद्याने अशा मुलांना इटालियन बापाने आपले म्हणण्याची वाटच बंद केली. ‘रक्तशुद्धी’साठी स्त्रीवर आणि संततीवर पहारा बसवणे हे आपल्याला स्मृतिग्रंथांतून चांगले ठाऊक आहे. ज्या मुलाला कायद्याने नाव नाकारले, त्याने पुढे आफ्रिकेचा चषक उचलला. १९५७ मध्ये ‘मिश्र संघ चालणार नाही’ म्हणणाऱ्या दक्षिण आफ्रिकेला इथिओपियाने दिलेले हे उत्तरच म्हणा. त्यांचा कर्णधारच मिश्र रक्ताचा होता.

पण आपण इथे थांबलो तर अर्धेच खरे सांगितल्यासारखे होईल. चषक देणारा सम्राट होता. त्याच्या राज्यात जमीन सरदारांची, चर्चची आणि राजघराण्याची, आणि कूळ पिढ्यान्‌पिढ्या राबणारे. गुलामगिरीवर कायद्याने बंदी आली तीही १९४२ मध्ये. लुचियानो आणि इतालो ज्या एरिट्रियातून आले, तो प्रदेश १९५२ पासून इथिओपियाशी संघराज्य म्हणून जोडलेला होता. चषक जिंकला जानेवारी १९६२ मध्ये, आणि त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये सम्राटाने संघराज्य मोडून एरिट्रिया गिळला. पुढे तीस वर्षे युद्ध चालले. १९९३ मध्ये एरिट्रिया स्वतंत्र झाला आणि अस्माराची पोरे वेगळ्या देशासाठी खेळू लागली. मैदानावर ज्यांना खांद्यावर घेतले, त्यांच्या प्रदेशाला घरात बरोबरीचे स्थान दिले नाही. बाहेरच्या वर्णभेदाविरुद्ध ठाम उभा राहणारा देश घरातली विषमता सांभाळून ठेवू शकतो. विदेशात वंशवादाविरुद्ध भाषणे देणारे आणि गावात पाणवठ्यावर गप्प बसणारे आपणही रोज पाहतो.

या कहाणीतला आमचा नायक म्हणूनच सम्राट नाही. तो आहे यिद्नेकाचू तेस्सेमा. १९२१ साली जिम्मा येथे जन्मलेला हा माणूस सेंट जॉर्ज क्लबचा आणि देशाचा खेळाडू होता, १९६२ च्या विजेत्या संघाचा प्रशिक्षक होता आणि आफ्रिकन महासंघाच्या संस्थापकांपैकी एक होता. १९७२ पासून १९८७ मध्ये मृत्यू होईपर्यंत तो महासंघाचा अध्यक्ष राहिला. त्याचे खरे मैदान बैठकीचे टेबल होते.

फिफाने १९६१ मध्ये दक्षिण आफ्रिकेला निलंबित केले. अध्यक्ष स्टॅनले राउस स्वतः तिकडे जाऊन आले आणि १९६३ मध्ये निलंबन उठले. राउस यांचे मत असे की खेळात राजकारण आणू नये. प्रस्थापितांचे हे आवडते वाक्य आहे. त्यांचे राजकारण आधीच मैदानात शिरलेले असते, म्हणून दुसऱ्याने तोंड उघडले की त्यांना राजकारण दिसते. आफ्रिकी प्रतिनिधींनी हार मानली नाही. १९६४ च्या टोकियो अधिवेशनात नव्याने स्वतंत्र झालेल्या देशांच्या मतांवर निलंबन परत लागू झाले. १९६६ च्या विश्वचषकात आफ्रिकेला थेट एकही जागा नव्हती, म्हणून आफ्रिकी देशांनी बहिष्कार टाकला. त्याचे फळ म्हणून १९७० पासून आफ्रिकेला हक्काची जागा मिळाली. १९७४ मध्ये आफ्रिकी मतांच्या जोरावर राउस यांची खुर्ची गेली. १९७६ च्या जूनमध्ये सोवेटोत शाळकरी मुलांवर गोळ्या झाडल्या गेल्या, आणि पुढच्याच महिन्यात फिफाने दक्षिण आफ्रिकेला बाहेर काढले. खार्टूममध्ये १९५७ साली घेतलेली भूमिका जगाने मान्य करायला एकोणीस वर्षे लागली.

एकोणीस वर्षे! आपल्याकडे एखादे निवेदन देऊन पंधरा दिवसांत उत्तर आले नाही तर कार्यकर्ता थकतो आणि मोबाईलवर स्टेटस टाकून मोकळा होतो. तेस्सेमा आणि त्याच्या सहकाऱ्यांनी नियमांची पुस्तके वाचली, मते मोजली, नवे देश जोडले, प्रत्येक अधिवेशनात तोच ठराव पुन्हा मांडला. घोषणा लागतातच, पण इतिवृत्त लिहिणारा माणूसही लागतो.

इकडे त्याच्या स्वतःच्या देशाचा संघ मात्र खचत गेला. १९६८ मध्ये घरच्या मैदानावर चौथा क्रमांक, १९७६ मध्ये पुन्हा यजमान असूनही गटातच बाद. १९७४ मध्ये सम्राट गेला आणि लष्करी दर्गची राजवट आली. दडपशाही, युद्ध आणि १९८४ चा दुष्काळ. लुचियानोसुद्धा देश सोडून इटलीला गेला. २००८ मध्ये तर संघटनेतल्या भांडणामुळे फिफाने इथिओपियालाच निलंबित केले. ज्या देशाने शिस्तीच्या जोरावर दुसऱ्याला बाहेर काढले, तो आपल्याच गटबाजीमुळे बाहेर गेला. आपल्या चळवळीच्या फुटींचा हिशेब ज्यांना माहीत आहे, त्यांना यावर वेगळे भाष्य नको.

मग आले २०१३. एकतीस वर्षांनी इथिओपिया राष्ट्रचषकाला पात्र ठरला आणि स्पर्धा होती दक्षिण आफ्रिकेत. ज्या देशाशी १९५७ चा सामना झालाच नाही, त्याच देशात, आता वर्णभेदमुक्त झालेल्या मैदानांवर वालिया उतरले. गतविजेत्या झांबियाशी त्यांनी १-१ अशी बरोबरी केली, पुढचे दोन सामने हरले आणि घरी गेले. त्याच वर्षी १६ जूनला, म्हणजे सोवेटोच्या स्मृतिदिनी, अदिस अबाबात विश्वचषक पात्रता सामन्यात इथिओपियाने दक्षिण आफ्रिकेला २-१ असे हरवले. तोवर दक्षिण आफ्रिकेच्या संघात काळे-गोरे एकत्र खेळत होते. असा संघ समोर यावा म्हणून तर १९५७ मध्ये सामना सोडला होता. इथिओपिया पुढे नायजेरियाकडून हरला आणि विश्वचषक याही वेळी हुकला. तेस्सेमा हे पाहायला नव्हता.

तेव्हा "ते जिंकले काय?" याचे आमचे उत्तर असे. चषक एक जिंकले. पण ‘वेगळे खेळा’ हा प्रस्ताव नाकारणाऱ्यांत ते पहिल्या दिवसापासून होते आणि तो नकार त्यांनी संघटनेच्या बळावर टिकवला. त्याच वेळी घरातला एरिट्रिया त्यांनी गमावला. दोन्ही गोष्टी एकत्र वाचा. येत्या एप्रिलमध्ये जयंतीनिमित्त आपल्या वस्तीत स्पर्धा भरवाल, तेव्हा संघांची यादी करताना मुलींचा संघ फक्त ‘प्रदर्शनीय सामन्या’पुरता ठेवला आहे का, शेजारच्या भटक्या-विमुक्तांच्या पालावरची पोरे यादीत आहेत का, आणि निवड समितीत कोण बसले आहे, एवढे आधी तपासा.