रिकामं टिपाड

२०१९चा उन्हाळा. इंजिनिअरिंगची शेवटची परीक्षा देऊन मी पाथर्डी तालुक्यात मामाकडे गेलो होतो. दुष्काळ होता. टँकर आला की पाणी साठवायला घरोघरी टिपाडं लागायची. मामाचं वेल्डिंगचं दुकान. भंगारातून तो दोनशे लिटरची चेपलेली, गंजलेली लोखंडी टिपाडं आणायचा, गॅस कटरने वरचं झाकण कापायचा, कडा ठोकून घ्यायचा आणि विकायचा.

त्या दुपारी एक टिपाड मीच त्याच्यापुढे नेऊन ठेवलं. एका बाजूने आत गेलेलं, बूच गंजून गच्च बसलेलं. मामाने विचारलं, "काही आहे का रे त्यात?"

मी हलवून पाहिलं. काही वाजलं नाही.

"नाही मामा, रिकामं आहे."

ज्योत टेकली आणि झाकण छपराचा पत्रा फाडून वर गेलं. मामा बाजूला बसून कापत होता म्हणून वाचला. डावा कान मात्र कायमचा गेला.

नंतर वाचत बसलो. थिनर किंवा पेट्रोल स्वतः जळत नाही, जळते त्याची वाफ. तीही हवेत ठरावीक प्रमाणात मिसळली तरच. पेट्रोलसाठी ते प्रमाण साधारण दीड ते साडेसात टक्के. काठोकाठ भरलेल्या टिपाडात हवेला जागाच नसते. रिकाम्यात तळाला राहिलेला पातळ थर आणि दोनशे लिटर हवा, एवढं पुरतं. चेपलेल्या पत्र्याच्या घडीत तो थर धुऊनही राहू शकतो.

बेंजामिन ली व्होर्फ हा भाषेचा अभ्यासक पेशाने आगीच्या विमा कंपनीत तपासनीस होता, शिक्षणाने केमिकल इंजिनिअर. त्याने १९३९मध्ये लिहिलं, की पेट्रोलच्या भरलेल्या पिंपांजवळ माणसं जपून वागतात आणि रिकाम्या पिंपांजवळ बिनधास्त सिगारेट ओढतात. खरा धोका रिकाम्यात जास्त. 'रिकामं' या शब्दानेच माणूस फसतो. ऐंशी वर्षांनी मीही तसाच फसलो होतो.

कोड लिहिताना 'रिकामं' आणि 'काहीच नाही' या दोन वेगळ्या गोष्टी असतात, हे मला तेव्हाही पाठ होतं. परीक्षेत त्यावर मार्कही मिळाले होते.

आपल्या कायद्यालाही हा फरक कळतो. २०१६च्या घातक कचरा नियमांत रसायन लागलेली रिकामी पिंपं घातक कचऱ्याच्या यादीत आहेत. ती परवानाधारकाकडेच जायला हवीत. आमच्याकडे ती अंगणात येतात, आणि त्यांतलं पाणी लोक पितात.

मामा मला कधी काही बोलला नाही. गेल्या दिवाळीत दुकानात बसलो होतो. एक पोरगा मोटरसायकलवर टिपाड बांधून आला. "झाकण कापून द्या. रिकामंच आहे."

मामाने उजवा कान पुढे केला.

"ते दिसतंय. आधी काय होतं त्यात?"

पोराला माहीत नव्हतं. मामाने टिपाड परत पाठवलं.