क्रौंच आणि पडवीची जाळी

मध्य फ्लोरिडातल्या ऑरलँडो शहरात अनेक घरांच्या मागे जाळीने बंद केलेली पडवी असते. तिला लनाय म्हणतात. पोहण्याचा हौद असेल, तर त्याच्यावरही अ‍ॅल्युमिनियमच्या चौकटींचा उंच जाळीचा मांडव घालतात. सोलापुरात स्लायडिंगच्या खिडकीला डासांसाठी जी जाळी बसवतात, तीच ही. तिथे ती खिडकीपुरती, इथे अख्ख्या अंगणाला. ऑरलँडोच्या दमट हवेत डास जवळपास वर्षभर असतात, त्यामुळे जाळी फाटली की संध्याकाळी बाहेर बसणे संपते. हिवाळा सरता सरता ही जाळी खालच्या बाजूला भोके पडून फाटलेली दिसली, तर संशय पहिल्यांदा सँडहिल क्रौंचावर घ्यावा.

हा पक्षी राखाडी, कपाळावर लाल उघडी कातडी असलेला आणि सुमारे ४ फूट उंच असतो. नान्नजच्या माळावरचा माळढोक नर ज्यांनी पाहिला आहे, त्यांना उंचीचा अंदाज लगेच येईल. वजनाला मात्र क्रौंच त्याच्यापेक्षा खूपच हलका, ५ किलोच्या आसपास भरतो. गोंदियाच्या धानशेतीतला सारस त्याचा जवळचा नातलग आहे. शास्त्रज्ञ दोघांनाही अँटिगोनी या एकाच प्रजातीत घालतात. फ्लोरिडात कायम राहणारे क्रौंच चार-पाच हजारच उरले आहेत आणि राज्याच्या संकटग्रस्त यादीत त्यांचे नाव आहे. हिवाळ्यात उत्तरेकडून त्यांचे हजारो भाऊबंद येऊन मिळतात, म्हणून ते आहेत त्यापेक्षा जास्त वाटतात. त्यांना मारणे, जखमी करणे किंवा त्यांच्या अंड्यांना हात लावणे हा राज्याच्या आणि केंद्राच्या, अशा दोन्ही कायद्यांनी गुन्हा आहे. जाळीचा विचार करताना ही मर्यादा आधी ध्यानात घ्यावी लागते, आणि ती योग्यच आहे.

क्रौंच वस्तीत शिरतात असे म्हटले जाते, ते अर्धेच खरे. ऑरलँडो, किसिमी आणि आसपासच्या नव्या वसाहती मुळात पाणथळीवर आणि चराऊ कुरणांवर उठल्या. पावसाचे पाणी साठवायला जवळजवळ प्रत्येक वसाहतीत एक तळे खणलेले असते आणि घरांपुढे आखूड कापलेले गवत असते. उथळ पाण्यात घरटे आणि आखूड गवतात किडे व अळ्या, एवढे मिळाले की क्रौंचाला दुसरे काही लागत नाही. जोडी एकदा जमली की वर्षानुवर्षे टिकते. मादी बहुधा दोन अंडी घालते, दोघेही आळीपाळीने महिनाभर उबवतात. पिले अंड्यातून निघाल्यावर दिवसभरातच आई-बापांमागे चालू लागतात. याच काळात जोडी आपल्या हद्दीत दुसऱ्या क्रौंचाला उभे राहू देत नाही, आणि जाळीचे नुकसान होते ते यातूनच.

जाळीमागे पडवीचे मोठे काचेचे दार असते. दिवसा बाहेर लख्ख ऊन आणि घरात अंधार असला की ती काच आरसा होते. क्रौंचाला तिच्यात समोर उभा दुसरा क्रौंच दिसतो. खरा प्रतिस्पर्धी असता, तर पंख पसरून, मान ताणून, ओरडून भागले असते. एकजण माघार घेतो आणि मारामारी होत नाही. काचेतला क्रौंच मात्र माघार घेत नाही. हा एक पाऊल पुढे आला की तोही येतो, याने चोच उगारली की तोही उगारतो. शेवटी चोच चालते, आणि मधे जाळी असल्यामुळे ती जाळीतून आरपार जाते. गाडीच्या काळ्या, चकचकीत दारावरचे ओरखडे याच कारणाने पडतात. सोलापुरात मोटरसायकलच्या आरशावर सातभाईला असेच झुंजताना अनेकांनी पाहिले असेल. स्वभाव तोच, इथे चोच लांब आणि तिच्यामागे ५ किलो वजन.

म्हणून उपाय पक्ष्यावर करायचा नसून प्रतिबिंबावर करायचा असतो. इथे सर्वांत जास्त होणारी चूक म्हणजे आतून पडदा लावणे. प्रतिबिंब काचेच्या बाहेरच्या पृष्ठभागावर पडते. आतून गडद पडदा ओढला, तर ते उलट जास्त ठळक होते. आच्छादन बाहेरून, काच आणि पक्षी यांच्या मधेच हवे. जाळीबंद पडवीत हे सोपे जाते, कारण दाराबाहेर पण जाळीच्या आत पुरेशी जागा असते. जमिनीपासून साडेचार-पाच फुटांपर्यंत जाड, निस्तेज कापड टांगले तरी पुरते. सोलापूरकराच्या घरात जुनी सोलापुरी चादर निघतेच, आणि तिची जाड वीण या कामाला उत्तम: ती चकाकत नाही आणि हवेने फारशी उडत नाही. एकच अडचण असते. बऱ्याच वसाहतींत घरमालकांच्या संघाचे नियम कडक असतात आणि बाहेरून दिसणाऱ्या कापडावरून नोटीस येऊ शकते. तिथे काचेला बाहेरून साबणाच्या पाण्याचा पातळ थर द्यावा किंवा दुधी फिल्म चिकटवावी. गाडी गॅरेजमध्ये ठेवावी. ते जमत नसेल, तर निदान आरशांना पिशव्या बांधाव्यात. हे सगळे कायमचे करावे लागत नाही. पिले मोठी होऊ लागली की हद्दीचा जोर ओसरतो.

आच्छादनाच्या जोडीला जाळीपासून थोड्या अंतरावर खुंट्या ठोकून, गुडघ्याच्या वर एक-दोन आडव्या दोऱ्या ताणून बांधता येतात. क्रौंच उडत नव्हे, तर चालत येतो आणि पायाला अडणारी गोष्ट टाळतो. दोरी दिसेल अशी जाड असावी; बारीक तंगूस कधीही वापरू नये, त्यात पाय अडकून पक्षी लंगडा होतो. प्लास्टिकचे घुबड दोन-चार दिवसांत निकामी ठरते. आपल्याकडे कबुतरांसाठी गॅलरीत टांगतात तशा जुन्या सीडी तर इथे चुकूनही लावू नयेत, कारण प्रतिबिंबाच्या भांडणात आणखी चकाकी ओतण्यात अर्थ नाही.

क्रौंच जाळीपर्यंत येण्याचे दुसरे कारण खाण्याचे आहे, आणि इथे भारतीय घरांनी विशेष काळजी घ्यायला हवी. सहा महिन्यांसाठी आलेले आई-वडील सकाळी पाखरांना मूठभर तांदूळ किंवा उरलेली पोळी टाकतात. ही सवय चांगल्या मनाची आहे, पण फ्लोरिडात २००२ पासून सँडहिल क्रौंचांना खायला घालणे बेकायदा आहे. नियमाला कारण आहे. अन्नाला चटावलेला क्रौंच माणसाची भीती विसरतो, दारापर्यंत येतो आणि तिथेच त्याला काच भेटते. रस्त्याकडेला थांबायची सवय लागली की तो गाडीखालीही सापडतो. छोट्या पक्ष्यांसाठी टांगलेल्या भांड्यातून खाली सांडणारे दाणेसुद्धा त्याला पुरतात. भांडे विणीच्या काळापुरते उतरवून ठेवावे, नाहीतर खालची जागा रोज झाडून घ्यावी.

फाटलेली जाळी घरच्या घरी बदलता येते. चौकटीच्या खाचेत रबराची बारीक दोरी दाबून बसवलेली असते. पेचकसाने तिचे टोक उचकटले की ती सलग निघून येते. नवी जाळी चारही बाजूंनी दोन-तीन इंच जास्त ठेवून पसरायची, कोपऱ्यापासून सुरुवात करून छोट्या चाकाच्या हत्याराने दोरी पुन्हा खाचेत दाबत न्यायची आणि उरलेली कड धारदार पात्याने कापायची. जाळी ढोलासारखी ताणण्याचा मोह आवरावा, नाहीतर पातळ चौकट आत वाकते. साधी जाळी फायबरग्लासची असते. कुत्र्या-मांजरांच्या नखांसाठी मिळणारी पॉलिएस्टरची जाड जाळी चोचीपुढे बरीच जास्त टिकते, पण तिच्यातून वारा आणि उजेड कमी येतो, शिवाय दोरी बारीक घ्यावी लागते. ती सगळीकडे लावायची गरज नाही. क्रौंचाची चोच पोहोचते ती खालच्या पट्ट्यांपर्यंत. तेवढ्याच पट्ट्यांना जाड जाळी आणि वर साधी, ही वाटणी खर्चालाही परवडते.

नुकसान छताकडे दिसले आणि रबराच्या पट्ट्याही कुरतडलेल्या असल्या, तर ते काम क्रौंचाचे नाही, काळ्या गिधाडांचे आहे. डायक्लोफेनॅक या गुरांच्या औषधामुळे गिधाडे डोळ्यांदेखत नाहीशी झालेल्या देशातून आलेल्या माणसाला त्यांचे थवे छपरावर बसलेले पाहून आधी नवलच वाटते. त्यांचा प्रतिबिंबाशी संबंध नसतो, त्यामुळे आच्छादनाचा उपयोग होत नाही. कचऱ्याचे डबे बंद ठेवणे आणि पाळीव जनावरांचे खाणे बाहेर न ठेवणे, हे पहिले. थवा मुक्कामाला बसलाच, तर मेलेल्या गिधाडाची प्रतिकृती उलटी टांगल्यावर तो बहुधा जागा सोडतो. गिधाडांनाही केंद्राच्या कायद्याचे संरक्षण आहे. त्यांना पकडण्याचे किंवा मारण्याचे काम परवान्याशिवाय कोणालाही करता येत नाही.