शेजारपण

आमचे घर साखळीत, वाळवंटी नदीपासून फार दूर नाही. शेजारी एक ख्रिस्ती विधवा राहतात. त्यांना सारे ‘बाय’ म्हणतात. मुलगा आखातात असतो. चवथीला आमच्याकडून त्यांना नेवऱ्या जात, नाताळात त्यांच्याकडून दोदोल येई. तो दोदोल माझी आई परस्पर कामवालीला देऊन टाकी. मला ते ठाऊक होते. पण मी कधी काही बोललो नाही.

१४ जानेवारी २०१५ रोजी पोप फ्रान्सिस यांनी कोलंबोत आपल्या गोव्याच्या जोसेफ वाझ यांना संतपद दिले. त्या निमित्ताने मी शाळेत भाषण केले. बाणावलीला १६५१ साली जन्मलेला हा पाद्री १६८७ साली मजुराच्या वेषात सिलोनला गेला, कारण तिथल्या डच अमलात कॅथलिक पाद्रींना बंदी होती. १६९७ साली कँडीत देवीची साथ आली. लोक आपलीच माणसे रानात सोडू लागले. तेव्हा वाझ यांनी त्यांच्यासाठी झोपड्या उभारल्या, जखमा धुतल्या, पेज-पाणी दिले, मेलेल्यांना मूठमाती दिली. धर्म कुणाचाच विचारला नाही. मराठीचा एम. ए. म्हणून फादर स्टीफन्सच्या १६१६ सालच्या ‘क्रिस्तपुराणा’चाही मी दाखला दिला. टाळ्या पडल्या.

त्याच पावसाळ्यात आईला अर्धांगवायू झाला. आम्ही दोघेही नोकरीला जाणारे. सांभाळायला ठेवलेली बाई दुपारी एक वाजता जाई. पुढचे दोन तास आई एकटी. एकदा मी लवकर घरी आलो, तर बाय आईच्या खाटेशी बसून तिच्या पायांची नखे कापत होत्या. खरे सांगतो, माझ्या मनात पहिल्यांदा आले ते हे, की आईला हे चालेल का? तिचे अंग पुसलेले आहे, चादर बदललेली आहे, हे मला नंतर दिसले.

आई त्यांच्या हातचे पाणी घेत नसे. ओठ मिटून भिंतीकडे तोंड करी. बाय रागावल्या नाहीत. तांब्या झाकून ठेवीत आणि माझी पत्नी येईपर्यंत बसून राहत. असे पंधरा दिवस गेले. मग एका दुपारी पत्नीची बस चुकली. तहानेने कासावीस झालेल्या आईने डाव्या हाताने स्वतःच तांब्या दाखवला. संध्याकाळी ती जड जिभेने मला म्हणाली, “तिका च्या दी रे.”

खाटेशी बसून बायनी धर्माचा शब्द कधी काढला नाही. संध्याकाळी त्यांच्या घरातून तेर्स ऐकू येई. त्यात आईचे नाव असते, हे मला पत्नीने सांगितले. एकदा मी म्हटले, “बाय, फार पुण्याचे काम करता तुम्ही.” त्या हसल्या. “पुण्य कसलें सर? शेजारपण हें.”

आई २०१७ साली गेली. २०२० च्या एप्रिलमध्ये, टाळेबंदीत, बाय न्हाणीघरात पडल्या. पाय मोडला. विमाने बंद, मुलगा येऊ शकेना. दुपारी मी पेज आणि मिठातली तोर घेऊन गेलो, तेव्हा लक्षात आले, की तीस वर्षांच्या शेजारात हा उंबरठा मी प्रथमच ओलांडतो आहे. कँडीतल्या सेवेवर मी तासभर बोललो होतो. माझ्या दारापासून वीस पावलांवरचे हे घर मला आतून ठाऊक नव्हते.

पेज खाऊन झाली. ताट उचलताना त्यांच्या पायांकडे लक्ष गेले. नखे वाढली होती. मी घरी जाऊन आईचे नेलकटर आणले. त्या संकोचल्या, “नाका सर,” म्हणाल्या. मी खाली बसलो. माझा हात थरथरत होता. तो पाहून त्यांनीच पाय पुढे केला.

“सवकास, सर,” बाय म्हणाल्या.