कोरी जागा

आमच्या गृहनिर्माण संस्थेचा मी गेली सहा वर्षे चिटणीस आहे. हे पद मी मागितले नव्हते. निवृत्त माणसाला वेळ असतो आणि माझ्या घरी कॉम्प्युटर आहे, एवढ्या दोन पुराव्यांवर ते माझ्या गळ्यात पडले. तेव्हापासून पाणी बंद राहण्याच्या, गच्चीची किल्ली परत करण्याच्या आणि वार्षिक सभेच्या सूचना मी लिहीत आलो आहे.

लिहीत आलो, हे म्हणणे जरा धाडसाचेच. खरे म्हणजे मी गेल्या वेळची सूचना उघडीत असे, तारीख बदलीत असे आणि छापीत असे. तयार माल हाताशी असताना पुन्हा समास कोण आखीत बसतो? शाळेत आम्ही कागदाला उभी घडी घालून समास पाडीत असू. कॉम्प्युटरवर ती घडी आकड्यांनी घालावी लागते. फायलीत टाचण्यासाठी डावीकडे दीड इंच, बाकी तिन्ही बाजूंना एकेक. कागद ए-फोर, म्हणजे 210 मिलिमीटर रुंद आणि 297 उंच. तो सांगायला विसरले, की माझा कॉम्प्युटर अमेरिकन 'लेटर' कागद धरून चाले. तो 216 रुंद, पण उंचीला 279च. त्या अठरा मिलिमीटरांपायी माझी सही दुसऱ्या पानावर एकटीच जाऊन बसे! असे सगळे एकदा जुळून आले, की ते मोडवत नाही.

गेल्या वर्षी पावसाळ्यात तिसऱ्या मजल्यावरच्या आजी वारल्या. फलकावर सूचना लावायची होती. दोन वर्षांपूर्वी तळमजल्यावरचे एक गृहस्थ गेले, तेव्हाची मी शोधून काढली. नाव बदलले, तारीख बदलली, 'ते'च्या जागी 'त्या' केले आणि कागद लावून जेवायला बसलो.

संध्याकाळी त्या गृहस्थांच्या पत्नी दारात उभ्या राहिल्या. हातात तो कागद.

"भाऊजी, शेवटच्या ओळीत ह्यांचं नाव राहिलंय," त्या म्हणाल्या. आवाज अगदी शांत. "मी दूध घेऊन येत होते. वाचलं, आणि क्षणभर वाटलं, आज पुन्हा गेले."

त्या रागावल्या असत्या, तर फार बरे झाले असते.

रात्री मुलीला सांगितले. ती म्हणाली, "बाबा, तुम्ही दर वेळी भरलेला कागद उघडता. कोरा साचा करून ठेवा ना!" तिने दाखवले ते इतके सोपे निघाले, की मला सहा वर्षांची लाज वाटली. सूचनेतला बदलणारा मजकूर पुसायचा. समास, संस्थेचे नाव, अक्षराचा आकार तेवढे ठेवायचे. मग 'सेव्ह अ‍ॅज' म्हणून प्रकार निवडायचा 'वर्ड टेम्प्लेट'. 2007 सालापासून त्याच्या नावाला 'डॉटएक्स' अशी शेपटी लागते. पुढे 'न्यू'मध्ये जाऊन तो साचा निवडला, की त्याची बिननावाची नवी प्रत पुढ्यात येते. तिच्यावर काय वाटेल ते खरडा. मूळ साच्याला धक्का लागत नाही.

मी उत्साहाने सात साचे केले. पैकी सभेच्या साच्यात 'सर्वसाधरण' असे लिहून ठेवले. त्यामुळे त्या सभेच्या प्रत्येक कागदावर ती चूक इमानाने उमटली! साचा दुरुस्त केला, पण आधी जन्मलेली प्रजा तशीच राहिली. ती एकेक करून सुधारावी लागली.

आमच्या आजोबांना या साऱ्याचे हसू आले असते. 'तीर्थरूप'पासून 'कृ. सा. न. वि. वि.'पर्यंत प्रत्येक नात्याचा मायना त्यांच्या बोटांत तयार असे. पोस्टकार्ड घेतले, की माथ्यावर आधी 'श्री' काढायचा. वाईट बातमीच्या कार्डावर मात्र तो नसे. ती वरची मोकळी जागा दिसली, की पुढचे वाचण्याआधीच आजी पदर डोळ्यांना लावी.

शोकसूचनेचा साचा मी सर्वांत शेवटी केला. 'कळविण्यास अत्यंत दुःख होते की' हे शब्द ठेवावेत, असे आधी वाटले. मग तेही पुसले. वर संस्थेचे नाव, उजवीकडे तारीख, खाली माझी सही. मधले पान कोरे.

गेल्या महिन्यात चौथ्या मजल्यावरचे एक काका गेले. त्या कोऱ्या पानापुढे मी अर्धा तास बसून होतो. काकांना पेटी वाजवण्याचा नाद होता, आणि रात्री दहानंतर ती बंद ठेवावी, अशी सूचना मीच दोनदा लावली होती. तेच लिहिले. आता दहानंतर जिन्यात फार शांत वाटते, हेही लिहिले. मजकूर लांबला, आणि सही दुसऱ्या पानावर गेली.

जाऊ दिली.