गाडी किती खाली घ्यायची?

हॅचबॅकवेड्या पोरांचं एक मोजमाप असतं : बोटं. टायर आणि त्याच्यावरचा फेंडर यांच्यामधल्या फटीत किती बोटं जातात ते बघायचं. माझ्या पोलोत पुढे चार जायची, मागे जवळजवळ मूठ. आपल्याकडे विकतात त्या गाड्या त्यांच्या युरोपातल्या भावंडांपेक्षा उंच ठेवलेल्या असतात. कारण तुम्हाला माहीत आहे, तुम्ही रोज त्याच रस्त्यावरून ऑफिसला जाता. पण ती फट एकदा नजरेत भरली की जात नाही. दुसऱ्याच्या लग्नाच्या फोटोतसुद्धा मागे उभ्या असलेल्या गाडीची फट आधी दिसते.

पोलो २०१० मध्ये आपल्याकडे आली, २०२२ मध्ये बंद झाली. चाकणच्या कारखान्यात बनायची, त्यामुळे पुणे-पिंपरीच्या पोरांना ती जरा घरचीच वाटते. माझी सेकंड हॅन्ड. दोन वर्षं पैसे साठवून मी तिच्यासाठी कॉइलओव्हरचा सेट घ्यायचं ठरवलं. घरी सांगितल्यावर आईने किंमत विचारली आणि गप्प झाली. अण्णांनी किंमत विचारलीच नाही. ते म्हणाले, ‘‘मला साताऱ्याला न्यायचं असतंय महिन्याला, तेवढं ध्यानात ठेव.’’

अण्णा म्हणजे माझे वडील. एकतीस वर्षं एसटीत ड्रायव्हर होते. पाठीतल्या दोन मणक्यांमधली गादी सरकलेली आहे. दर महिन्याला पुण्यात डॉक्टर, आणि मग काही दिवस गावी. ते येतात-जातात ते माझ्याच गाडीतून. म्हणजे माझ्यासमोरचा खरा प्रश्न ‘गाडी कशी दिसेल’ हा नव्हता. माझ्या हौशीचा हिशोब त्यांच्या पाठीतून वसूल होणार का, हा होता.

आता कॉइलओव्हर म्हणजे काय ते सांगतो. सस्पेन्शनमध्ये दोन कामं असतात. स्प्रिंग खड्ड्याचा धक्का साठवून घेते. शॉक अब्सॉर्बर, म्हणजे गॅरेजच्या भाषेत शॉकअप, ती साठवलेली ऊर्जा तेलात जिरवून तिची उष्णता करतो. शॉकअप नसेल तर गाडी खड्ड्यानंतर चेंडूसारखी उड्या मारत राहील. कॉइलओव्हर म्हणजे स्प्रिंग शॉकअपच्या भोवतीच बसवलेली, आणि शॉकअपच्या अंगावर आटे पाडलेले. त्या आट्यांवर एक कडं फिरतं. कडं खाली घेतलं की गाडी खाली, वर घेतलं की गाडी वर. चांगल्या सेटमध्ये सगळा शॉकअपच खालच्या ब्रॅकेटमध्ये आत-बाहेर फिरतो. त्याचा फायदा असा, की उंची बदलली तरी शॉकअपच्या आतली दांड्याची हालचाल कमी होत नाही. स्वस्त सेटमध्ये आणि यात फरक आहे तो इथे, रंगात नाही.

गंमत म्हणजे पोलोच्या मागच्या बाजूला ‘कॉइलओव्हर’ हे नाव लागूच पडत नाही. पुढे मॅकफर्सन स्ट्रट आहे, तिथे स्प्रिंग आणि शॉकअप एकाच खांबावर. मागे मात्र एक आडवा बीम, त्यावर स्प्रिंग वेगळी आणि शॉकअप वेगळा. ती स्प्रिंग चाकाच्या थोडी पुढे, बीमच्या बिजागरीच्या बाजूला बसते. त्यामुळे मागचं कडं १० मिलिमीटर खाली घेतलं तर चाकापाशी गाडी त्याहून जास्त बसते. पुढचा आणि मागचा हिशोब एकाच पट्टीने करता येत नाही.

हे सगळं मी अण्णांना समजावून सांगत होतो. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, ‘‘रिकामी एसटी उडती, भरल्याली बसती. मागच्या शिटावर तर इचारूच नको.’’

मी या वाक्यापाशी थांबलो, कारण मी लॅपटॉपवर दोन रात्री जे गणित मांडत होतो ते हेच होतं. एसटीचे पाटे भरलेल्या गाडीचं ओझं पेलायला बनवलेले. गाडी रिकामी असली की त्याच पाट्यांवर वजन कमी, म्हणून झोके भराभर येतात. स्प्रिंगचा कडकपणा भागिले वजन, त्याचं वर्गमूळ : गाडी सेकंदाला किती वेळा वर-खाली होऊ पाहते ते यातून निघतं. घरगुती हॅचबॅकचा हा आकडा साधारण १ ते दीडच्या दरम्यान असतो. ट्रॅकवर पळवायच्या गाड्या दोनच्या वर जातात. बसलेल्या माणसाचा मणका उभ्या धक्क्यांना सर्वांत हळवा असतो तो सेकंदाला ४ ते ८ आंदोलनांच्या पट्ट्यात. म्हणजे थोडी कडक स्प्रिंग घेतली म्हणून लगेच पाठ मोडत नाही.

पाठ मोडते ती वेगळ्याच गोष्टीने. गाडी फार खाली घेतली की स्प्रिंगला दबायला जागाच उरत नाही. खड्डा आला की दांडा थेट रबराच्या बंप-स्टॉपवर आदळतो, आणि त्या क्षणी गाडीला सस्पेन्शन नसतंच. तो ‘ठक्’ आवाज सरळ सीटमधून कण्यात जातो. स्प्रिंगा गॅसने कापून गाडी ‘लो’ केलेली असते, तिथे हेच होतं. वर शॉकअप मूळचाच, लांब आणि मऊ, त्यामुळे कापलेली स्प्रिंग त्याच्या ताब्यात राहत नाही.

म्हणून मी सेट तैवानमधून मागवताना नेहमीपेक्षा मऊ स्प्रिंगा मागितल्या : पुढे एक मिलिमीटर दबायला ५ किलो लागतील अशा. हिशोबाने आकडा दोनच्या जरा खाली येत होता.

कायद्याचंही वाचून घेतलं, तुम्हीही वाचा. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ सांगतं की कंपनीने दिलेल्या तपशिलाशी विसंगत होईल असा बदल मालकाने करायचा नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही तेच बजावलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीनंतर परवानगी नसलेल्या बदलामागे ५००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही, अशी तरतूद आली. विमा कंपनीला मी आधीच लेखी कळवलं. मूळचे चारही शॉकअप आणि स्प्रिंगा गोणपाटात गुंडाळून माळ्यावर ठेवायच्या, हे पहिल्या दिवसापासून पक्कं होतं.

बसवायला गेलो ते भोसरीतल्या एका गॅरेजात. अण्णाही आले, त्यांच्यासाठी मिस्त्रींनी पाठ असलेली खुर्ची काढली. पुढचं चाक काढलं, ब्रेकचा पाइप आणि एबीएसची वायर क्लिपमधून सोडवली, स्टॅबिलायझरची लिंक सुटी केली. पोलोचा स्ट्रट खाली चाकाच्या नकलमध्ये खोबणीत घट्ट आवळलेला असतो. बोल्ट काढला तरी तो निघत नाही. खोबणीच्या फटीत एक चपटं हत्यार घालून पाव फेरी फिरवावं लागतं, मग ती फट जराशी उघडते. बॉनेटखालचा वरचा नट काढल्यावर सगळा खांब खाली हातात येतो.

वरचं माउंटिंग नव्या सेटवर घ्यायचं म्हणजे जुनी स्प्रिंग दाबायला लागते. त्यासाठी स्प्रिंग कॉम्प्रेसर लावला तेव्हा मिस्त्रींनी सगळ्यांना बाजूला केलं. दबलेली स्प्रिंग निसटली तर माणसाचा जबडा घेऊन जाते. ‘‘काका, तुम्ही पण जरा मागं सरका,’’ ते अण्णांना म्हणाले. अण्णा खुर्चीसकट सरकले. ते म्हणाले, ‘‘डेपोत पाटा सुटल्याला बघितलाय मी.’’ त्यापुढे ते काही बोलले नाहीत, आणि आम्हीही विचारलं नाही.

मागचं काम सोपं : शॉकअप सोडवला, बीम खाली घेतला, स्प्रिंग हाताने निघाली. पण मिस्त्रींनी एक गोष्ट बजावून केली. बुश असलेले बोल्ट गाडी हवेत असताना त्यांनी पूर्ण आवळलेच नाहीत. चाकं जमिनीवर, गाडी तिच्या उंचीवर, मग शेवटचा ताण. नाहीतर आतलं रबर कायम पिळलेलं राहतं आणि काही महिन्यांत फाटतं.

उंचीचा प्रश्न उरला. कंपनीची जमिनीपासूनची उंची साधारण १६५ मिलिमीटर. इंडियन रोड्स काँग्रेसच्या निकषात गोलाकार गतिरोधक १० सेंटिमीटर उंच आणि ३.७ मीटर रुंद असतो, म्हणजे गाडी त्यावर हळूच चढते आणि उतरते. आमच्या सोसायटीतला मी पट्टीने मोजला : १२ सेंटिमीटर उंच आणि हातभर रुंद. ४० मिलिमीटर खाली घेतलं तर पोटाखाली ५ मिलिमीटर उरतात. २० घेतलं तर अडीच सेंटिमीटर. मिस्त्रींचा मुलगा ४० च्या बाजूने होता. ‘‘दादा, दिसायला एक नंबर दिसंल.’’ खरं होतं ते.

मी अण्णांना म्हटलं, ‘‘बसून बघा.’’ त्यांनी दार उघडलं, एक हात छतावर ठेवला आणि खाली उतरल्यासारखे सीटवर बसले. उठताना दोन प्रयत्न लागले. मी आकडीचा पाना घेतला आणि कडी वर फिरवायला लागलो. २० मिलिमीटरवर थांबलो. पुढे अडीच बोटं. फोटोत फारसा फरक दिसत नाही.

मग अलाइनमेंट, कारण उंची बदलली की चाकांचा टो आणि कॅम्बर दोन्ही बदलतात आणि टायर आतून खायला लागतो.

खंबाटकी घाटात फरक कळला. वळणावर गाडी आधी कलायची आणि मग वळायची. आता ती स्टिअरिंगबरोबरच वळते. अण्णा शेजारी बसून रस्त्याकडे बघत होते. शॉकअपच्या डोक्यावर एक बटण असतं, ते एकेक टिचकी फिरवून मऊ-कडक करता येतं. शिरवळला चहाला थांबलो तेव्हा ते म्हणाले, ‘‘मागचं दोन टिचक्या ढिलं कर.’’ मी केलं. सुरूरपाशी म्हणाले, ‘‘एक परत आवळ.’’

आता ग्लोव्ह बॉक्समध्ये एक कागद आहे. एसटीच्या जुन्या डायरीचं पान, अण्णांच्या अक्षरात. सातारा : पुढे दहा, मागे सात. दवाखाना : पुढे बारा, मागे नऊ. सगळ्यात खाली एक ओळ माझ्यासाठी सोडलेली आहे. ‘एकटा’ असं लिहून पुढची जागा कोरी.